कागद आणि पाऊल : एर्न्स्ट लाइट्स यांच्या चरित्राचा बोध

(ज्ञातिसंस्थेच्या महाड येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कोणता, असे आपल्या कार्यवाहांनी आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही एका जर्मन कारखानदाराचे नाव सांगितले. कार्यवाह क्षणभर गप्प राहिले. त्यांचे गप्प राहणे आम्हांस समजले. संमेलन महाडात भरावयाचे, मंडपापासून चवदार तळे हाकेच्या अंतरावर, रायगडाच्या वाटेवरचे नाते हे चिंतामणराव देशमुखांचे जन्मगाव येथून जवळ. अशा स्थळी वक्त्याने घरचा विषय सोडून सातासमुद्रांपलीकडे का जावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या अखेरीस आपोआप मिळेल, अशी आमची समजूत आहे. घरच्या अंगणात परत यावयाचे आहेच. परंतु कधी कधी आपले अंगण नीट दिसण्यासाठी थोडे दूर जाऊन उभे राहावे लागते.

आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते गृहस्थ म्हणजे एर्न्स्ट लाइट्स, दुसरे. ‘दुसरे’ म्हणावयाचे ते अशासाठी की, त्यांच्या वडिलांचेही नाव एर्न्स्टच होते आणि पुढे मुलाचेही तेच ठेवले गेले. जर्मनीच्या हेसेन प्रांतात लान नदीच्या काठी वेत्सलार नावाचे लहानसे गाव आहे. महाकवी गटे तरुणपणी, १७७२ साली, तेथील न्यायालयात वकिलीचा अनुभव घेण्यासाठी राहिले होते, एवढीच एके काळी त्या गावाची ख्याती होती. त्या गावी १८४९ साली कार्ल केल्नर नावाच्या तरुणाने भिंगे घासण्याची एक लहान कार्यशाळा काढली. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यंत्रे तेथे होऊ लागली. परंतु केल्नर यांस क्षयाने ग्रासले आणि १८५५ साली, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, ते निवर्तले.

पुढे १८६४ साली या कार्यशाळेत एक यंत्रकारागीर नोकरीस लागला. स्वित्झर्लंडात घड्याळाच्या कामाचा अनुभव त्याने घेतला होता. तोच थोरला एर्न्स्ट लाइट्स. पुढल्याच वर्षी तो भागीदार झाला आणि १८६९ साली कारखाना त्याच्या एकट्याच्या मालकीचा झाला. स्वित्झर्लंडात घड्याळे एकामागून एक एकाच मापाची कशी बनवितात हे त्याने पाहिले होते. तीच रीत त्याने सूक्ष्मदर्शकांस लावली. उत्तम यंत्र बेताच्या किमतीत मिळू लागले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वेत्सलारचे नाव पोचले. १९०७ साली कारखान्याचा एक लाखावा सूक्ष्मदर्शक तयार झाला, तो डॉक्टर रोबर्ट कोख यांस भेट देण्यात आला. क्षयाचा जंतू शोधून काढणारे ते हेच कोख. ज्या रोगाने कारखान्याच्या मूळ पुरुषाचा बळी घेतला, त्या रोगाचे मूळ दाखविणाऱ्याच्या हाती त्याच कारखान्याचे यंत्र गेले. ही घटना आम्हांस नेहमी मोठी अर्थपूर्ण वाटत आली आहे.

धाकट्या एर्न्स्टचा जन्म १ मार्च १८७१ रोजी वेत्सलारलाच झाला. तो थोरला मुलगा नव्हता. ज्येष्ठ बंधू लुडविग अकाली वारला, म्हणून कारखान्याची धुरा याच्याकडे आली. १९०६ साली तो वडिलांचा भागीदार झाला आणि १९२० साली वडील निवर्तल्यावर सर्व कारभार त्याच्या शिरावर पडला. त्या घराण्याची एक चाल प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. मजुरांसाठी आजारपणाचा व वार्धक्याचा निधी, राहण्याच्या घरांची सोय आणि आठ तासांचा कामाचा दिवस या गोष्टी कायद्याने सक्ती होण्याच्या आधीच त्यांनी आपण होऊन केल्या होत्या. मालक कारखान्यात फिरे तेव्हा भिंग घासणाऱ्या कारागिराशी त्याच्या घरची विचारपूस करी.

येथे आपल्या महाराष्ट्रातील लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. दोघांच्या आयुष्यांची कालरेषा जवळजवळ एकच आहे. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा, लाइट्स यांचा १८७१ चा. आणि दोघेही १९५६ सालीच निवर्तले. लक्ष्मणरावांस रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून मुंबईच्या चित्रकलेच्या शाळेतून ते यंत्रांच्या रेखाकनाकडे वळले आणि त्यातून एक उद्योगपती निर्माण झाला. १९१० साली औंध संस्थानच्या ओसाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, तेथे अस्पृश्यता पाळावयाची नाही असा दंडक घातला आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांसही कामावर घेतले. सांगावयाचे ते एवढेच की, कारखाना ही केवळ नफ्यातोट्याची जागा नव्हे, मालकाच्या शीलाची ती परीक्षाही असते, ही जाण त्या पिढीतील काही माणसांना तिकडेही होती आणि इकडेही होती.

आता लाइट्स यांच्या आयुष्यातील पहिल्या मोठ्या निर्णयाकडे वळू. १९११ साली त्यांच्या कारखान्यात ओस्कार बार्नाक नावाचा यंत्रज्ञ दाखल झाला. बार्नाक यांस छायाचित्रणाचा नाद होता. पण दमेकरी असल्यामुळे त्या काळचा जड कॅमेरा, तिकाटणे व काचांची पेटी घेऊन डोंगर चढणे त्यांस झेपत नसे. त्यांनी चलच्चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फीत घेतली, ती आडवी फिरविली, प्रत्येक चित्रास २४ बाय ३६ मिलिमीटर एवढी जागा दिली आणि कोटाच्या खिशात मावेल असा एक कॅमेरा १९१४ च्या सुमारास घडविला. चित्र लहान घ्यावयाचे आणि मागाहून मोठे करावयाचे, हे त्याचे तत्त्व. एवढ्याशा चित्रातून मोठी प्रतिमा स्वच्छ निघावी, तर भिंग तितकेच निर्दोष हवे. ते काम माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने केले. इतक्यात पहिले महायुद्ध आले आणि दहा वर्षे कॅमेरा मागे पडला.

युद्ध संपले, जर्मनी हरली, आणि १९२३ साली त्या देशाचे चलन पार कोसळले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरास ४ लक्ष २० हजार कोटी मार्क मोजावे लागत. पगार हातात पडेपर्यंत त्याची किंमत उतरलेली असे. अशा काळी, १९२४ च्या जून महिन्यात, लाइट्स यांनी आपल्या अधिकाऱ्यांची बैठक घेतली. बार्नाकचा कॅमेरा बाजारात आणावा की नाही, हा प्रश्न होता. विरोधकांची बाजू भक्कम होती. घराण्याचा धंदा सूक्ष्मदर्शकांचा. असला चिमुकला कॅमेरा कोणी मागितलेला नव्हता. पैसा बुडाला तर कारखानाच बुडेल. तासन्‌तास वाद झाला. शेवटी लाइट्स यांनी धोका पत्करावयाचा असे सांगून बैठक संपविली. हा कॅमेरा चालला तर मंदीच्या काळात कारागिरांना घरी बसवावे लागणार नाही, हा त्यांच्या मनातील हिशेब होता. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत तो विक्रीस आला. लाइट्समधील ‘लाइ’ आणि कॅमेऱ्यातील ‘का’ मिळून ‘लाइका’ हे नाव पडले. आपल्याकडे तो ‘लायका’ म्हणून ओळखला जातो.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. वृत्तपत्रांची छायाचित्रे या कॅमेऱ्याने बदलून टाकली; माणसाला खुर्चीत बसवून न घेता चालता-बोलता टिपता येऊ लागले. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी महात्माजींस भेटले आणि त्याच सायंकाळी महात्माजींची हत्या झाली. त्या शोकाकुल दिवसांची त्यांनी टिपलेली जी छायाचित्रे जगभर गेली, त्यांच्यामागे वेत्सलारच्या या कॅमेऱ्याची परंपरा होती.

येथपर्यंतचे चरित्र एका यशस्वी कारखानदाराचे झाले. असे कारखानदार पुष्कळ होऊन गेले. केवळ तेवढ्यासाठी आपला वेळ आम्ही घेतला नसता. खरा विषय यापुढे सुरू होतो.

१९३३ च्या जानेवारीत जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली. ज्यू लोकांच्या दुकानांवर बहिष्कार, सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी, शाळांतून मुलांचा छळ असे एकामागून एक प्रकार सुरू झाले. लाइट्स हे जुन्या उदारमतवादी, लोकशाहीवादी पक्षाचे माणूस. नव्या राजवटीस ते नावडते होते. वेत्सलारमधील ज्यू व्यापारी त्यांच्याकडे येऊ लागले. कोणी म्हणे, माझ्या मुलाला शाळेत राहणे अशक्य झाले आहे. कोणी म्हणे, देश सोडावयाचा आहे, पण हाती धंदा नाही, परदेशी ओळख नाही. लाइट्स यांनी काय केले? त्यांनी सभा घेतली नाही, पत्रक काढले नाही. त्या मुलांना त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवार म्हणून घेतले.

ही युक्ती कशी होती ते पाहण्यासारखे आहे. उमेदवाराला कॅमेरा जोडणे, दुरुस्त करणे, विकणे शिकवावयाचे. काही काळाने कंपनीचा माणूस म्हणून त्याला परदेशी, विशेषतः न्यूयॉर्कच्या शाखेत पाठवावयाचे. सोबत शिफारसपत्र द्यावयाचे. तेथे उतरल्यावर शाखेने त्याची सोय पाहावयाची आणि छायाचित्रणाच्या धंद्यात कोठे काम मिळेपर्यंत त्याला खर्चास द्यावयाचे. अनेकांच्या गळ्यात जाताना एक लायका असे. तो कॅमेरा म्हणजे हुन्नराचा दाखला होता, आणि अडचणीत विकता येईल असा ऐवजही होता. कारण जर्मनीतून बाहेर पडणाऱ्या ज्यू माणसास पैसा जवळजवळ नेताच येत नसे. कारखान्यातील ज्यू नोकर, त्यांचे आप्त, गावोगावचे ज्यू कॅमेराविक्रेते, ज्यू स्त्रियांशी विवाह केलेले कारागीर, अशा अनेकांना या मार्गाने वाट मिळाली. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, त्यानंतर ही धडपड शिगेस पोचली. आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसरे महायुद्ध सुरू होताच ही वाट बंद झाली.

अशा प्रकारे किती माणसे वाचली? लोकप्रिय कथांतून शेकड्यांचे आकडे सांगितले जातात. संशोधकांनी कागदपत्रे तपासून जी नावे निश्चित केली, ती काही डझनांत भरतात. आम्हांस यात उणेपणा वाटत नाही. प्रत्येक नावामागे एक शिफारसपत्र आणि त्यावर मालकाची जोखीम होती.

सरकारने हे चालू कसे दिले, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे एक कारण असे की, लायकाच्या निर्यातीतून राजवटीस परकीय चलन मिळत असे आणि कारखान्याची भिंगे लष्करास हवी होती. म्हणजे ज्या खुर्चीवर लाइट्स बसले होते, ती खुर्ची सरकारला सहज मोडता येण्यासारखी नव्हती. ते त्यांस पक्के ठाऊक होते, आणि त्या खुर्चीचे सगळे वजन त्यांनी दुसऱ्यांच्या कामी लावले.

तथापि किंमत द्यावी लागलीच. विक्री विभागाचे प्रमुख आल्फ्रेड ट्युर्क यांनी एका ज्यू गृहस्थासाठी परदेशी शिफारसपत्र लिहिले, म्हणून १९३८ साली गुप्त पोलिसांनी त्यांस पकडले. त्यांच्या सुटकेसाठी लाइट्स यांस मोठी खटपट करावी लागली आणि ट्युर्क यांस आपली जागा सोडावी लागली. केवळ एका पत्रासाठी! पुढे लाइट्स यांची कन्या डॉक्टर एल्सी क्यून-लाइट्स यांनी गावातील एका ज्यू स्त्रीस स्वित्झर्लंडच्या सरहद्दीकडे पळून जाण्यास साहाय्य केले. १९४३ च्या सप्टेंबरात त्यांस अटक झाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत त्या फ्रांकफुर्टच्या तुरुंगात होत्या. कारखान्यात सक्तीने आणलेल्या युक्रेनच्या स्त्रियांशी त्या फार माणुसकीने वागतात, हाही त्यांच्यावरील ठपक्यांपैकी एक होता. बापाने ओळखी आणि पैसा खर्च करून मुलीस सोडविले.

आता या चरित्राची दुसरी बाजू. ती लपविली तर हे चरित्र न राहता पुराण होईल. सक्तीने आणलेल्या युक्रेनच्या स्त्रियांचा उल्लेख आम्ही आताच केला. युद्धकाळात लाइट्स यांच्या कारखान्यात असे शेकडो परदेशी स्त्रीपुरुष राबत होते. ते आपखुशीने आलेले नव्हते. कारखान्याची भिंगे हिटलरच्या सैन्याच्या उपयोगी पडत होती. आणि ज्या पक्षाचा त्यांना तिटकारा होता, त्याच पक्षाचे सभासदत्व लाइट्स यांनी युद्धाच्या काळात दडपणाखाली पत्करले. यावर कोणी म्हणेल की, न पत्करते तर कारखाना हातचा गेला असता आणि मग कोणासच वाचविता आले नसते. कोणी म्हणेल की, ही सबब प्रत्येक मालक सांगू शकेल. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी आहेत असे आम्हांस वाटते. लाइट्स हे देव नव्हते. भल्याबुऱ्याच्या गुंत्यात सापडलेला तो एक गृहस्थ होता. मात्र त्या गुंत्यातही आपल्या हातात काय आहे, हा प्रश्न विचारण्याचे त्याने सोडले नाही. संतांच्या चरित्रापुढे आपण हात जोडून मोकळे होतो; अशा गृहस्थाचे चरित्र मात्र आपल्याला मोकळे सोडीत नाही.

आणखी एक गोष्ट विशेष आहे. युद्ध संपल्यानंतर या कामाची वाच्यता लाइट्स यांनी केली नाही. १९५४ साली लायकाचा नवा कॅमेरा निघाला, तो त्यांनी पाहिला. १५ जून १९५६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते निवर्तले. मुलांनीही बरीच वर्षे हा विषय प्रसिद्धीपासून दूर ठेवला. वडिलांनी केले ते कर्तव्य होते, त्याचे भांडवल करावयाचे नाही, अशी त्यांची भूमिका. १९८० च्या दशकात कारखानाही त्या कुटुंबाच्या हातून गेला. वाचलेल्या माणसांच्या आठवणी आणि संशोधकांची चिकाटी यांमुळे हकीकत हळूहळू उजेडात आली. २००७ साली अमेरिकेतील ज्यू समाजाच्या एका संस्थेने लाइट्स यांचा मरणोत्तर गौरव केला; तो त्यांच्या नातीने स्वीकारला.

ज्ञातिबांधवहो, आता आपण महाडास परत येऊ.

लाइट्स यांनी धोका पत्करला ते साल १९२४. त्याच सालच्या जानेवारीत या गावाच्या नगरपालिकेनेही एक ठराव केला होता. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला होता. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांस खुल्या असाव्यात असा त्याचा आशय. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले केले. कागद झाला. सही झाली. आणि तीन वर्षे तळ्याच्या पाण्याला कोणीही हात लावू शकले नाही. कारण गाव आडवे उभे होते. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती आणि माणसे तहानलेली होती.

पुढे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ व २० मार्च १९२७ रोजी या गावी भरली. याच परिसरातील रामचंद्र बाबाजी मोरे यांनी त्यासाठी जीव टाकून खटपट केली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना आपण सुरबानाना म्हणून ओळखतो, ते पाठीशी उभे राहिले. अनंतराव चित्रे यांनी परिषदेच्या समारोपाच्या वेळी, आता सर्वांनी मिळून तळ्यावर जावे, अशी सूचना मांडली. आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठोपाठ हजारो माणसे चार-चारांच्या रांगेने निघाली, पायऱ्या उतरली आणि ओंजळीने पाणी प्याली. १९२४ च्या कागदाला १९२७ साली पाऊल मिळाले.

त्यानंतर काय झाले तेही आपण विसरता कामा नये. त्याच दुपारी परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. आणि ऑगस्ट १९२७ मध्ये याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा तिच्या मंडपासाठी कोणी हिंदू गृहस्थ जागा देईना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात तळ्याचा हक्क कायम झाला.

टिपणीस आणि चित्रे ही दोन्ही नावे आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीतील आहेत. आपण ती अभिमानाने घेतो, प्रत्येक स्मरणिकेत छापतो. घ्यावीतच. परंतु दोन गोष्टी अगदी स्पष्ट बोलावयास हव्यात. पहिली अशी की, तळ्यावर चालत गेलेली पावले आपली नव्हती. मार खाल्लेली डोकी आपली नव्हती. आपल्या पूर्वजांपैकी दोघातिघांनी दार उघडण्यास हात लावला. आत शिरण्याचे धैर्य ज्यांचे त्यांचे होते आणि श्रेयही त्यांचेच आहे. दुसरी गोष्ट अशी की, त्या दिवशी या गावातील इतर पांढरपेशी घरांची दारे उघडी होती की बंद, हा प्रश्न स्मरणिकेत छापला जात नाही. दोन नावांच्या सावलीत शेकडो घरांना उभे राहता येत नाही.

आपली ज्ञाती लेखणीची ज्ञाती म्हणून ओळखली जाते. ठराव, अर्ज, शिफारस, दाखला, हिशेब हे आपले पिढीजात क्षेत्र. वेत्सलारच्या हकीकतीने आम्हांस जे शिकविले ते या लेखणीविषयी आहे. कागद दोन प्रकारचा असतो. एक लिहून बाजूला ठेवावयाचा, दुसरा लिहून त्याच्यामागे स्वतः उभे राहावयाचा. लाइट्स यांचे शिफारसपत्र दुसऱ्या प्रकारचे होते. त्यामागे हुन्नराचे शिक्षण होते, जहाजाची सोय होती, परमुलखातील पहिल्या दिवसांचा खर्च होता आणि पकडले गेलो तर भोगावयाची तयारी होती. १९२४ चा नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे पहिल्या प्रकारचाच राहिला.

येथे आम्हांस स्वतःचा एक अपराध सांगावयाचा आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी आम्ही मुंबईत एका कार्यालयात बऱ्यापैकी जागेवर होतो. एके दिवशी पोलादपूरकडचा एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आमच्या बिऱ्हाडी आला. मुलगा तंत्रशिक्षण पुरे केलेला, गुणपत्रिका उत्तम. आमच्या कार्यालयात उमेदवार घ्यावयाचे होते आणि आमच्या दोन ओळींना तेथे किंमत होती. तो आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्याच महिन्यात आमच्या नात्यातील एका मुलासाठी आम्ही तशाच दोन ओळी लिहून दिल्या होत्या, आणि त्याची गुणपत्रिका आम्ही पाहिलीही नव्हती. वृद्धास आम्ही चहा दिला, गोड बोललो आणि म्हणालो, “विचार करून कळवितो.” त्याने उठताना नमस्कार केला. तो बहुधा समजून चुकला होता. आम्ही कळविले नाही. आमच्यावर कोणी लाठी उगारलेली नव्हती, दारात गुप्त पोलीस उभे नव्हते, नोकरी जाण्याचे भय नव्हते. केवळ दोन ओळी. ट्युर्क यांनी ज्या दोन ओळींसाठी तुरुंग पाहिला, त्या लिहिण्यास आम्हांस फुरसत झाली नाही. पुढे लाइट्स यांचे चरित्र प्रथम वाचनात आले, तेव्हा त्या मुलाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे आला. त्याचे नावही आम्हांस आठवेना.

म्हणून कार्यकारी मंडळास आमची एक नम्र विनंती आहे. आपल्या संस्थेचा विद्यार्थी-सहाय्य निधी आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी चार-चार आणे जमवून तो उभा केला, कारण तेव्हा आपलीच मुले अडलेली होती. त्या निधीबद्दल आम्हांस आदर आहे. त्याच निधीवर आम्हीही शिकलो. आज आपली बहुतेक मुले अडलेली नाहीत. तेव्हा त्या निधीचा निश्चित असा एक वाटा महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील, ज्ञातीबाहेरच्या, होतकरू मुलामुलींसाठी ठेवावा. ज्ञाती न विचारता, गरज आणि गुण पाहून. केवळ पैसा देऊन थांबू नये. आपल्यापैकी जे कारखान्यांत, बँकांत, कचेऱ्यांत मोठ्या जागांवर आहेत, त्या प्रत्येकाने वर्षातून निदान एका अशा मुलाची उमेदवारीची सोय स्वतः पाहावी, त्याच्यासाठी पत्र लिहावे आणि त्या पत्रामागे उभे राहावे.

यावर आक्षेप येतील. ज्ञातीचा पैसा ज्ञातीसाठी, असे म्हटले जाईल. संस्थेच्या घटनेत बसत नाही, असेही म्हटले जाईल. घटना हाही कागदच आहे. तो बदलता येतो. १९२४ च्या बैठकीत लाइट्स यांच्या अधिकाऱ्यांचे आक्षेपही काही खोटे नव्हते. पैसा बुडण्याची भीती खरी होती. आपल्या निधीस तर तेवढेही भय नाही. बुडालाच तर आपला थोडा अहंकार बुडेल.

दुपारची सभा आटोपल्यावर आपणांपैकी पुष्कळजण तळ्यावर जाल. मध्यभागी बाबासाहेबांचा पुतळा आहे. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला येथे गावोगावची माणसे येतात. आपण रिकाम्या दिवशी जात आहोत, हे एका परीने बरे आहे. पायऱ्यांवर थोडा वेळ बसावे. टिपणिसांचे आणि चित्र्यांचे नाव आपल्या मनात येईलच. त्या पाठोपाठ, आपल्या दारातून “विचार करून कळवितो” हे उत्तर घेऊन परत गेलेले एखादे नावही आठवून पाहावे. आठवले तर घरी गेल्यावर त्यास पत्र लिहावे. आम्ही त्या वृद्धाच्या गावी चौकशी सुरू केली आहे. मुलगा आता साठीच्या आसपास असेल. त्यास आमच्या पत्राची गरज उरलेली नाही. आम्हांस मात्र ते लिहावयाचे आहे.